आकडीतली कोयती

सातारच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं आली, तेव्हा घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिकडेच न्यावा लागे. मी वनखात्यातला निवृत्त वनपाल. नोकरी बहुतेक सगळी कोयनेच्या खोऱ्यात झाली. पाहुण्यांच्या निमित्ताने मीही रांगेत उभा राहिलो. एका पट्टीवर बसवलेल्या नख्या आणि बोटं घालायला दोन कड्या, एवढंच ते हत्यार. त्याच्या पेटीवर ग्रँट डफचं नाव आहे. हा साहेब १८१८ नंतर साताऱ्याला रेसिडेंट होता आणि पेशव्यांच्या प्रधानाने ती त्याला दिली, असं पेटीवरचा मजकूर म्हणतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी चालली ती हीच, हे सिद्ध करता येत नाही असं खुद्द ते म्युझियमच सांगतं. सभासदाच्या बखरीत वाघनख आणि बिचवा दोन्ही आहेत. त्यावर बोलायला जाणकार समर्थ आहेत. माझी तक्रार साधी आहे. वाघाच्या नखांची नक्कल काचेत आली; पण खऱ्या वाघाच्या रानात ज्या पात्यावाचून आमच्या माणसाचं पाऊल पडत नव्हतं, ते पातं मी सातारा-सांगलीत कुठल्याही काचेत पाहिलेलं नाही.

ते पातं म्हणजे कोयती. ऊसतोडीचा कोयता नव्हे. तो पातळ आणि रुंद, कराड-वाळव्याच्या मळ्यातला. डोंगरातली कोयती वीत-सव्वावीत लांबीची, पाठीला जाड, नाकाशी आत वळलेली, आणि सगळा भार त्या नाकात. हात फक्त उचलायचा. खाली येताना पातं आपल्याच वजनाने कारवीत उतरतं. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या बाजूला आणि घाट उतरून चिपळूण-खेडकडे ती म्यानात नसते, आकडीत असते. आकडी म्हणजे कंबरेला मागच्या अंगाने दोरीने बांधलेला आकडा, कुणाचा लाकडी, कुणाचा लोखंडी. कोयती वरून त्यात सोडायची. दोन्ही हात मोकळे राहतात. झाडावर चढा, कडा उतरा, डोक्यावर भारा घ्या, ती जागची हलत नाही, आणि हात मागं नेला की न बघता मूठ सापडते. माझा नातू मोबाइलवर विलायती चाकूंची चामडी म्यानं दाखवतो. दिसायला झोकात आहेत, पण महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या पावसात चामडं चार महिने ओलं राहणार आणि आतलं पातं गंजून जाणार. आकडीतलं पातं उघडं असतं म्हणून चुलीजवळ बसल्याबसल्या वाळतं.

राबासाठी फांद्या छाटायच्या, कुमरीचा, म्हणजे फिरत्या शेतीचा, तुकडा साफ करायचा, कुडासाठी कारवी तोडायची, हिरड्याची डहाळी ओढून घ्यायची, मधाचं पोळं उतरवायचं, सगळ्याला तीच. शिकारीलाही तीच असायची, पण शिकारीत तिचं काम काय होतं, याबद्दल लोकांचे भलतेच समज आहेत.

शिकारीचा चाकू म्हटलं की माणूस आणि जनावर समोरासमोर, असं चित्र डोळ्यांपुढं येतं. माझे आजोबा हाक्याला जायचे. स्वातंत्र्याआधीचा काळ, मचाणावर कुणी सरदार नाहीतर साहेब, आणि खालून पन्नास-साठ माणसं डबे वाजवत, आरोळ्या ठोकत रान उठवत यायची. पुढं डुक्कर, सांबर, भेकर. प्रत्येकाच्या आकडीत कोयती. पण तिने जनावर मारल्याची एकही गोष्ट आजोबांनी कधी सांगितली नाही. जनावर अंगावर आलं तर कोयती काढायला सवड कुणाला असते, झाडच धरायचं, असं ते म्हणत. मारायचं काम बंदुकीचं, त्याआधीच्या काळात भाल्याचं, फासाचं, नाहीतर वाघरीचं, म्हणजे जाळ्याचं. कोयतीचं काम हाका निघण्याआधी: वाट मोकळी करणं, मचाणाला बांधणीचं लाकूड तोडणं.

मारून झाल्यावर दुसरं पातं निघायचं, ती सुरी. आजोबांची सुरी माझ्याकडे आहे. बोट-दीड बोट रुंद, वीतभर लांब, पाठ सरळ, टोकाकडे पोट सुटलेलं. मूठ धावड्याच्या लाकडाची, घामाने काळी पडलेली. कातडं काढायचं तर हनुवटीपासून शेपटीपर्यंत पोटावरून एक सरळ चीर द्यायची, मग चारी पायांच्या आतल्या अंगाने चार चिरा. सुरीचं काम जवळजवळ इथंच संपतं. पुढं मूठ आवळून ती कातडं आणि मांस यांच्या मधे घालत, ढकलत जायचं. अडलं तिथंच सुरीचं पोट हलक्या हाताने फिरवायचं. टोक कदापि लावायचं नाही, कारण टोक आरपार गेलं की साहेबाच्या कातड्याला भोक आणि आजोबांना शिव्या. मग मीठ आणि तुरटी चोळायची. बड्या राजेरजवाड्यांची कातडी त्या काळी म्हैसूरला व्हॅन इन्गन यांच्या कारखान्यात पेंढा भरायला जात. आजोबांच्या वाट्याला पानात बांधलेलं मांस यायचं.

पूर्वेकडे, माण-खटाव, जत, आटपाडीच्या माळावर रीत निराळी. तिथं रान नाही, माळ आहे. शिकार हरणाची, सशाची, तित्तिर-लाव्यांची, आणि ती करणारे फासेपारधी. त्यांची सगळी विद्या फासात. पातं लागायचं ते खुंट्या तासायला आणि सापडलेलं पाखरू कापायला. ज्यांच्या हाती सगळ्यात लहान पातं होतं त्यांच्याच कपाळी गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला, ही या इतिहासातली सगळ्यात संतापजनक गोष्ट आहे. त्याच आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर. तरुणपणी बंदूक घेऊन रानोमाळ हिंडलेला हा माणूस पुढं नुसती जनावरं बघत हिंडला आणि १९८२ साली वानरांच्या टोळ्यांवर ‘सत्तांतर’ ही कादंबरी लिहिली.

राजांच्या शिकारीची आठवण साताऱ्याजवळ संगम माहुलीला दगडात आहे. थोरल्या शाहू महाराजांना शिकारीचा भारी नाद. त्यांचा खंड्या नावाचा कुत्रा होता. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना वाचवलं, असं सांगतात. त्याची समाधी कृष्णेकाठी अजून दाखवतात. कुत्र्याची समाधी राहिली. महाराजांच्या कंबरेला त्या दिवशी कट्यार होती की खंजीर, हे मात्र कुणी सांगत नाही.

त्या कट्यारी आणि खंजीर गेले कुठं? १८१८ ला पेशवाई बुडाली, सरदारांची पथकं मोडली, शिलेदार घरी बसले. १८४८ ला साताऱ्याचं राज्य खालसा झालं. १८५७ ला रंगो बापूजींच्या उठावाच्या बेताचा सुगावा इंग्रजांना लागला आणि ८ सप्टेंबरला गेंडामाळावर १७ जणांना मारलं: कुणाला फाशी, कुणाला तोफेच्या तोंडी, कुणाला गोळी. त्याच साली मुलुख निःशस्त्र करण्याचा कायदा आला. मग आलं १८७८. त्या एका वर्षातले दोन कायदे मी नोकरीला लागल्यापासून मनात शेजारी ठेवत आलो आहे. सातव्या क्रमांकाचा जंगलाचा कायदा आणि अकराव्या क्रमांकाचा शस्त्रांचा. एकाने डोंगर सरकारचा केला, दुसऱ्याने हत्यार. शस्त्रांच्या कायद्यात बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची पाती, धनुष्यबाण अशी नावं घेऊन यादी आहे. विळा, कोयता, कुऱ्हाड तिच्यात नाहीत. शेतसारा पाहिजे तर शेतकऱ्याचं अवजार काढून घेऊन कसं चालेल?

स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी तीच वाट धरली. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं धारदार हत्यार शस्त्राच्या वर्गात जातं. घरकामाचं आणि शेतीचं अवजार त्यातून वगळलेलं आहे. खंजिराचं नशीब असं की तो कुठल्याच शेतात कामाला येत नाही. म्हणून तो देव्हाऱ्यात गेला, दसऱ्याला पुजला गेला, नाहीतर संग्रहालयात गेला. कोयती मात्र ‘अवजार’ या नावावर तरली.

हत्यारांवर पोट असलेल्या माणसांचं काय झालं, याचं उत्तर मिरजेत आहे, आणि ते मला सगळ्या लढायांच्या वर्णनांपेक्षा मोलाचं वाटतं. शिकलगार म्हणजे पात्यांना धार आणि चकाकी देणारे कारागीर. लाखेत कुरुंदाची पूड घोटून केलेलं चाक, ते सराण; एकाने वादी ओढून ते फिरवायचं आणि दुसऱ्याने तलवार, कट्यार, सुरी त्यावर धरायची. पटवर्धनांच्या मिरजेत शिकलगारांची घरं होती. फौजा मोडल्या तसं सराणीवर यायला काही उरेना. १८५० च्या सुमारास तिथल्या फरीदसाहेब शिकलगारांनी सतार बनवायला घेतली, संस्थानिकांनी आश्रय दिला, आणि हत्यारांची ती गल्ली सतारमेकरांची झाली. आजही मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, तूनचं लाकूड लागतं. गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ याच मिरजेत स्थायिक झाले. १९३७ साली ते गेले, तेव्हा दफन मिरजेतच झालं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कट्यारीचं आणि गाण्याचं नातं रंगभूमीवर १९६७ साली आलं, ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये, मिरजेत ते त्याच्या शंभरएक वर्षं आधीच लागलं होतं. त्या गल्लीत एकदा एका कारागिराला सतारीचा पितळी पडदा कानशीने घासताना बघत बसलो होतो. दोन घाव घासायचे, तार छेडायची, कान द्यायचा, पुन्हा एक घाव. पात्याच्या धारेवर नजर ठेवणारा हात हाच, एवढं माझ्यासारख्या रानातल्या माणसालाही कळलं.

डोंगरातल्या कोयतीचं लोखंड मात्र मिरजेचं नव्हतं. महाबळेश्वरच्या पठारावर जांभा दगड आहे. त्यातले लोखंडाचे गोटे वेचून, कोळशाच्या भट्टीत कातडी भात्याने फुंकून लोखंड गाळणारे लोक होते. त्यांना धावड म्हणत, बहुतेक मुसलमान. भट्टीतून निघायचा तो मळीने भरलेला लोखंडाचा गोळा. तो पुन्हापुन्हा तापवून, ठोकून मळी बाहेर काढायची. एवढ्या खटाटोपाला कोळसा अमाप लागायचा. जंगलं राखीव झाली, कोळसा महागला, आणि बंदरावर उतरणारं विलायती लोखंड त्याहून स्वस्त पडू लागलं. एकोणिसाव्या शतकातच भट्ट्या विझल्या. पुढं गावचा लोहार बलुत्यावर काम करत राहिला. कोयत्या, कुदळी, खुरपी शेवटून द्यायचा आणि सुगीला खळ्यावर पेंढी न्यायचा. गावोगाव हिंडणारे घिसाडी आले, ते आजही येतात.

घिसाड्याकडची कोयती होताना नीट बघावी. पाटणच्या बाजारतळाच्या कडेला उतरलेल्या एका बिऱ्हाडाकडे मी ट्रकच्या कमानीचा जुना पाटा घेऊन गेलो होतो. म्हातारा सांडशी धरून बसलेला, त्याची सून उभी राहून घण घालणारी, लहान पोर भात्यावर. भाता आता हाताने फिरवायच्या पंख्याचा असतो. पाटा नारिंगी झाला की छिन्नी ठेवून तोडला, मग ऐरणीवर लांबवत नेला. धारेच्या अंगाला घाव जास्त, पाठीला कमी. त्यामुळे पातं आपोआप वळायला लागतं, आणि ते वळण आवरणं हीच कारागिरी. सून एकही घाव बोलून घालत नव्हती. म्हातारा हातोडीने जिथं टिचकी मारेल तिथं घण पडायचा.

मग पाणी पाजायची वेळ आली. लाल झालेल्या पात्याची फक्त धार, बोटभर, पाण्यात धरली. पाठ बाहेर तशीच गरम. चटकन बाहेर काढून विटेच्या तुकड्याने धार घासून पांढरी केली आणि उन्हाकडे पाठ करून तो तिच्याकडे बघत राहिला. पाठीतली ऊब धारेकडे सरकायला लागते तसा रंग चढतो: आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. तांबूस दिसताच त्याने सगळं पातं पाण्यात घातलं. “निळी होऊ दिली तर मऊ पडंल, मामा. पांढरीच ठेवली तर पयल्या गाठीवर तुकडा उडंल.” त्याच्याकडे ना तापमापक होतं ना पुस्तक. ती कोयती पुढं वणवा अडवायची जाळरेषा काढताना खैराच्या गाठींवर चालली, आणि नाक कधी तुटलं नाही.

कोयतीला पहिला धक्का हत्यारबंदीने नव्हे, धरणाने बसला. कोयनेचं पाणी साठलं तशी खोऱ्यातली गावं उठली. काही कुटुंबं सांगली-सोलापूरच्या माळावर वसवली गेली. तिथं छाटायला झाड नाही, राब नाही, कारवी नाही. आकड्या खुंटीला लागल्या. दुसरा धक्का आमच्या खात्याच्या हातून बसला, आणि तो देणाऱ्यांत मी होतो.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मला मान्य आहे. तो आला नसता तर सह्याद्रीत आज शेकरूही उरलं नसतं. परवान्याने शिकार करायची जी फट राहिली होती तीही १९९१ च्या दुरुस्तीने बुजली, आणि बरंच झालं. पण त्या कायद्यातली हत्याराची व्याख्या वाचावी. बंदुका, धनुष्यबाण, सापळे, फास, जाळी, विष यांच्या ओळीत चाकूही आहे, आणि शेवटी जनावराला इजा करू शकेल असं कुठलंही साधन. अभयारण्यात हत्यार न्यायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकाची लेखी परवानगी लागते. १९८५ ला कोयना आणि चांदोली ही अभयारण्यं झाली, २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. शस्त्रांच्या कायद्याने शंभर वर्षं ‘अवजार’ म्हणून सोडलेली कोयती अभयारण्याच्या हद्दीशी येताच ‘हत्यार’ झाली. पातं तेच, माणूसही तोच.

नाक्यावर एकदा एका म्हाताऱ्याला मी कोयती ठेवून जायला सांगितलं. तो म्हणाला, “गार्डसायेब, ही हत्यार हाय व्हय? मग तुमच्या कंबरंला काय हाय?” माझ्या आकडीत कोयती होतीच, जाळरेषेला ती लागते. “माझी सरकारी आहे,” मी म्हटलं. तो हसला, कारण दोन्ही एकाच घिसाड्याकडच्या होत्या हे त्याला ठाऊक होतं. मी त्याची ठेवून घेतली आणि संध्याकाळी परत दिली. त्या म्हाताऱ्याला चोरट्या शिकाऱ्याच्या रांगेत उभं करणारा नियम शहाणा नाही, हे मत मी वर्दीत असतानाही लपवलेलं नाही. चोरटा शिकारी तारेचा फास लावतो, बंदूक आणतो. कोयती घेऊन डुकराच्या मागं लागणारा मी तरी पाहिला नाही. कोयतीचा धाक बसवायचं काम आता पुण्याच्या कोयता गँगच्या बातम्या करतात. एसटीत कुणाच्या पिशवीतून कोयतीची मूठ दिसली तरी माणसं जागा बदलतात.

अलीकडे कोयनेच्या रानातल्या वासोटा किल्ल्यावर येणाऱ्या पोरांच्या पाठपिशव्यांत नव्या सुऱ्या निघतात. ऑनलाइन मागवलेल्या, काळ्या पात्याच्या, पाठीला करवतीचे दात, मुठीत होकायंत्र. वर ठळक नाव: शिकारीचा चाकू. या देशात शिकार बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी नाव विकलं जातं. हे दात कशाला, असं विचारलं की एकही पोरगा सांगू शकत नाही. कातडं सोलायला हे दात नडणार, फांदी तोडायला पातं हलकं पडणार, आणि भाकरीबरोबरचा कांदा तर मुठीने फोडता येतो.

तेव्हा बामणोलीहून होडीने वासोट्याकडे निघणार असाल तर असला चाकू घरी ठेवा. नाक्यावरच्या पोराला तुमच्याशी वाद घालायला लावू नका, ती त्याची नोकरी आहे. शेत-परडं असेल आणि खरोखर पातं हवं असेल तर भंगारवाल्याकडून कमानीचा पाटा घ्या आणि बाजारतळावर घिसाडी उतरला असेल तिथं जाऊन बसा. तासाभराचं काम आहे. मजुरी तो सांगेल ती द्या, घासाघीस करू नका, आणि घण घालणारीच्या हातावर वेगळे ठेवा.